पाबळ ते पाटस : पेशव्यांच्या एका मुलाचा मुलूख

नगर रस्त्याने कोरेगाव भीमा मागे पडलं की शिक्रापूरचा चौक येतो. चाकणकडून आलेले कंटेनर आणि रांजणगावच्या कारखान्यांकडे निघालेल्या बस तिथे एकमेकांना वाट देत नाहीत आणि हॉर्नही सोडत नाहीत. त्या गर्दीतून डावीकडे पाबळचा रस्ता फुटतो. चार-पाच किलोमीटरमध्ये सगळं निवतं. दोन्ही बाजूंना कांद्याची लागण, अधूनमधून हरभऱ्याचा तुकडा, बांधावर बाभळी, लांबवर बोडक्या टेकड्या. हा पर्जन्यछायेचा पट्टा. चासकमान धरणाचा कालवा शिरूर तालुक्यात येतो खरा, पण उंचावरच्या शिवारांना त्याचा उपयोग नाही. त्यामुळे पाबळ-केंदूरच्या पारावर कुणाशीही बोलायला लागा, तिसऱ्या वाक्याला पाणी येतंच.

पाबळला लोक वेगवेगळ्या कारणांनी जातात. जैन मंडळी पद्ममणी तीर्थाच्या दर्शनाला येतात. शिक्षणाच्या क्षेत्रातली माणसं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम बघायला येतात. शाळेत न रमलेली मुलं हातांनी काम करत विज्ञान कसं शिकतात, ते तिथे पाहायला मिळतं. बाकीचे येतात ते पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या मस्तानीच्या कबरीपाशी. मीही त्यासाठीच आलो होतो, पण डोक्यात मस्तानीपेक्षा तिचा मुलगा जास्त होता. आईवर नाटकं झाली, कादंबऱ्या झाल्या, सिनेमे झाले. मुलाचं नाव मात्र पानिपतच्या यादीत एका ओळीत येतं आणि पुढे सरकतं. हिंदुस्थानातल्या त्या काळच्या सर्वांत बलाढ्य कारभाऱ्याच्या या मुलाचा घरात नेमका दर्जा काय होता, हे समजून घ्यायचं तर शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत हिंडावं लागतं.

कबर गावाच्या कडेला आहे. भोवती जुनी भिंत, आत मोकळं अंगण आणि मधोमध दगडी चौथऱ्यावर साधी कबर. घुमट नाही, जाळ्या नाहीत. वर चादर आणि सुकत चाललेली फुलं, उशाकडे उदबत्तीची राख. काही वर्षांपूर्वी धनाच्या आशेने चोरट्यांनी ही कबर खणली होती, तेव्हा गावाने संतापून ती पुन्हा नीट करून घेतली. भिंतीच्या सावलीला शेळ्या घेऊन बसलेल्या एका आजोबांनी मला न्याहाळलं.

“कुठनं आला?”

“पुण्याहून.”

“पिक्चर बघून आला व्हय?”

मी हसलो. तेही हसले. म्हणाले, “पिक्चरच्या आधी कोण येत नव्हतं. आता येत्यात, फोटो काढत्यात, जात्यात. आम्ही मस्तानीबाईच म्हणतो. दिवा हिंदू बी लावतो, मुसलमान बी लावतो.”

“आणि त्यांच्या मुलाचं काही?”

“त्यो तिकडं लढाईत गेला न्हवं का,” एवढं बोलून ते शेळ्यांकडे वळले.

‘तिकडं’ म्हणजे पानिपत. पण गोष्ट सुरू होते ती बुंदेलखंडात. 1729 मध्ये महंमद खान बंगशाने म्हाताऱ्या छत्रसालाला जैतपूरला कोंडीत धरलं तेव्हा पहिले बाजीराव धावून गेले. उपकाराच्या भावनेने छत्रसालाने त्यांना मुलगा मानलं आणि राज्याचा जवळपास तिसरा वाटा त्यांच्या नावे केला. मस्तानी त्याच संबंधातून पुण्याला आली. बुंदेली परंपरा तिला छत्रसालाची मुसलमान राणीपासून झालेली मुलगी मानते. पुण्यातल्या कित्येकांनी तिला कलावंतिणीच्या पलीकडे काही मानलं नाही. 1730 च्या जानेवारीत शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, 1732 च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. त्या वाड्यात मस्तानीसाठी स्वतंत्र महाल होता आणि तिच्या नावाचा दरवाजाही. तिच्या दुसऱ्या एका महालाचे अवशेष कोथरूडहून हलवून पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा उभे केलेत.

1734 मध्ये मस्तानीला मुलगा झाला. बाजीरावांनी त्याचं नाव ठेवलं कृष्णराव. त्याच वर्षी बाजीरावांच्या पत्नी काशीबाईंनाही मुलगा झाला, तो रघुनाथराव. बाप एक, साल एक. पुढे दोघांच्या वाटा जिथे फुटल्या, ते ठिकाण रणांगण नव्हतं. ते होतं मुंजीचं बोहलं. कृष्णरावाची मुंज करून त्याला ब्राह्मण म्हणून वाढवायचं बाजीरावांच्या मनात होतं, असं परंपरा सांगते. पुण्याच्या ब्रह्मवृंदाने साफ नकार दिला. दिल्लीच्या बादशहाला धाक घालणाऱ्या पेशव्याला पोटच्या पोराच्या गळ्यात जानवं घालता आलं नाही. कृष्णराव समशेर बहाद्दर झाला, मुसलमान म्हणून वाढला.

याच सुमाराला, 1735 मध्ये, बीजिंगला मांचू घराण्यातला छ्येनलोंग गादीवर बसला. तिथे राजपुत्रांच्या दर्जाची शिडीच बांधलेली होती. राजवंशातल्या पुरुषांसाठी बारा पायऱ्या. बापाची पायरी मुलाला सहसा मिळत नसे, तो एक पायरी खाली उतरे. नातू आणखी एक. ‘लोखंडी टोपीचे’ म्हणून ओळखली जाणारी मोजकी घराणी तेवढी या घसरणीतून सुटलेली. आई पट्टराणी की रखेल यावरही पायरी ठरे. वंशावळ सरकारी खात्यात ठेवली जाई, मुख्य शाखेच्या कमरेला पिवळा पट्टा आणि चुलत शाखेच्या कमरेला तांबडा. पण या राजपुत्रांना स्वतःचा मुलूख नसे आणि परवानगीवाचून राजधानी सोडायची मुभाही नसे. दर्जा आखीव, हात बांधलेले.

पुण्याची रीत बरोबर उलटी. इथे शिडी कुठेच लिहिलेली नव्हती. मुलूख मिळे, फौज मिळे, हत्ती-घोडे-निशाण मिळे. पेशव्याच्या सहीशिक्क्याने जे देता येईल ते सगळं समशेर बहाद्दरांच्या वाट्याला आलं. जे भटजींच्या हातात होतं, म्हणजे मुंज, पंगत, श्राद्धाचा अधिकार, त्यातलं काही नाही. माझ्या मते त्यांच्या दर्जाचं सगळं गणित एवढ्यातच आहे.

पाबळ हा त्या सहीशिक्क्याचा पुरावा. बाजीरावांनी मस्तानीला तीन गावं इनाम दिली : पाबळ, केंदूर आणि लोणी. पहिली दोन आज शिरूर तालुक्यात आहेत. आईमागे हे इनाम मुलाकडे गेलं. इनाम म्हणजे त्या गावांच्या सरकारी वसुलाचा हक्क. गावची पाटीलकी, कुळकर्ण, बलुतं, देवस्थानं आपापल्या जागी राहत आणि सरकारात भरायचा सारा इनामदाराकडे जाई. केंदूर तर वारकऱ्यांचं गाव, संत कान्हूराज पाठकांचं. पाबळहून तिथे पोचायला गाडीने फार वेळ लागत नाही. मंदिरात दोघे जण बैठकीवर बसून पोथी चाळत होते. गाव मस्तानीच्या इनामात होतं हे त्यांना ठाऊक होतं. “कागदोपत्री आहे ना,” एक जण म्हणाले, आणि पाणी कधी येणार या विषयाकडे वळले.

आणखी एक गोष्ट नकाशा उघडल्यावर ध्यानात येते. काशीबाईंचं माहेर चास, शेजारच्या खेड तालुक्यातलं. पाबळहून राजगुरुनगरच्या रस्त्याने तिकडे सहज जाता येतं. 28 एप्रिल 1740 रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मस्तानीही गेली. मृत्यू कसा आला याबद्दल विष, आत्मघात, धसका अशा कहाण्या आहेत. पाबळच्या मातीत तिला ठेवलं एवढं पक्कं. सहा वर्षांचा समशेर पोरका झाला. त्याला सांभाळलं काशीबाईंनी. सवतीचं मूल त्यांनी घरात वाढवलं, त्यांचे थोरले चिरंजीव नानासाहेब पेशव्यांनी त्याला धाकट्या भावासारखं शिकवलं. लिहिणं, हिशेब, घोडा, तलवार हे सगळं त्याला रघुनाथराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव यांच्या बरोबरीने मिळालं. लग्नंही पेशव्यांनीच लावून दिली. मेहरामबाई या पत्नीपासून त्यांना मुलगा झाला, अली बहाद्दर.

विशीत आल्यावर समशेर बहाद्दर मोहिमांवर जाऊ लागले. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध कोकणात पेशव्यांची जी फौज उतरली, तिच्यात ते होते. पुढे उत्तरेतही गेले. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंबरोबर दिल्लीकडे निघाले आणि 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर स्वतःचं पथक घेऊन उभे राहिले. जखमी अवस्थेत ते सूरजमल जाटाच्या मुलखापर्यंत पोचले. तिथे उपचार झाले, पण जीव वाचला नाही. वय सत्तावीसच्या आसपास. त्यांची कबर भरतपूरला आहे. आई पाबळला, बाप नर्मदेकाठी आणि मुलगा भरतपूरला, अशी या तिघांची पांगापांग.

केंदूरहून मी परत शिक्रापूरला आलो. तळेगाव ढमढेरेत पेशवाईतल्या ढमढेरे सरदारांचं गाव कसं वसलं होतं ते बघत न्हावऱ्याचा रस्ता धरला. इथून रंग पालटतो. कांदा मागे पडतो आणि ऊस सुरू होतो. न्हावऱ्याला घोडगंगा साखर कारखाना. उसाच्या ट्रॉल्या, टायरगाड्या, रस्त्यावर पडलेली वाढी आणि ती वेचणाऱ्या बाया. डावीकडे, नजरेच्या पलीकडे, घोडनदी भीमेला मिळायला निघालेली असते. याच घोडनदीवर 7 नोव्हेंबर 1762 रोजी पुतण्या आणि चुलता एकमेकांसमोर उभे ठाकले. पुतण्या म्हणजे सतरा वर्षांचे पेशवे माधवराव, आणि चुलता म्हणजे रघुनाथराव. पाचच दिवसांनी, 12 तारखेला, आळेगावला पुन्हा गाठ पडली. रघुनाथरावांनी निजामाला मुलुखाची लालूच दाखवून आपल्या बाजूला ओढलं होतं. घर फुटून शत्रूच्या घशात जाईल हे ओळखून माधवराव स्वतःच चुलत्याच्या स्वाधीन झाले.

पानिपतला दोन वर्षंही झाली नव्हती. ज्याची थाटात मुंज झाली, पंगतीत ज्याचं पान मांडलं गेलं, पेशवेपदावर हक्क सांगायची ज्याला सोय होती, त्या भावाने या नदीकाठी घराला आव्हान दिलं. ज्याला पंगतीत जागा नव्हती तो भाऊ याच घरासाठी मरून मोकळा झाला होता. याचा अर्थ दर्जा नाकारला की माणूस निष्ठावान होतो, असा काढायला मी तयार नाही. समशेर बहाद्दरांना पेशवेपदावर हक्क सांगायला वावच नव्हता. कदाचित म्हणूनच त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास बसला. रघुनाथरावांच्या हातात तो हक्क होता आणि तोच त्यांना स्वस्थ बसू देईना. घराण्यात कुणाची भीती वाटावी आणि कुणाची वाटू नये, हेही दर्जाच ठरवत होता.

पुढच्या पिढीत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने वर आला. पेशव्यांचे कारभारी नाना फडणिसांनी अली बहाद्दरांना उत्तरेत पाठवलं, ते महादजी शिंद्यांच्या मदतीला आणि त्यांच्यावर डोळा ठेवायलाही. 1789 मध्ये महादजींचा वैरी हिंमतबहाद्दर गोसावी पळून अली बहाद्दरांच्या गोटात शिरला. महादजींनी गोट घेरून त्याला मागितलं. अली बहाद्दर अडून बसले, कारण त्यांच्या गोटावर पेशव्यांचं निशाण होतं आणि त्याखाली आलेला माणूस बाहेर काढून देणं म्हणजे धन्याचा अपमान. दिल्लीचा कारभार हाकणाऱ्या महादजींसमोर मस्तानीच्या नातवाने पेशव्यांच्या घराचा माणूस म्हणून पाय रोवले. मग त्याच गोसाव्याला हाताशी धरून त्यांनी बुंदेलखंड जिंकलं आणि बांद्याला बस्तान बसवलं. 1802 मध्ये कालिंजरच्या वेढ्यात ते वारले. शनिवारवाड्यातल्या मस्तानी दरवाजाला पुढच्या कागदांत अली बहाद्दर दरवाजा म्हटलेलं आढळतं. आजीचं नाव पुसून नातवाचं लागलं की घराने तिच्या वंशाला उशिरा का होईना मान दिला, हे ज्याने त्याने ठरवावं.

पारगावजवळ भीमेचा पूल लागतो आणि आपण दौंड तालुक्यात शिरतो. थोडं वरच्या अंगाला, वाळकीच्या संगमावर, मुळा-मुठा भीमेत आलेली असते. म्हणजे पुण्याचं पाणी आणि पुण्याची घाण दोन्ही इथून वाहतात. उन्हाळ्यात वासावरून ते कळतं. पूल उतरताच गुऱ्हाळांच्या चिमण्या दिसू लागल्या. एका ठिकाणी थांबलो. काहिलीत रस खळखळत होता, एक जण झाऱ्याने मळी बाजूला काढत होता. चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या पोराला घामाने डोळे उघडता येत नव्हते. गुळव्या मात्र कशालाही हात न लावता उभा होता. मध्येच त्याने थेंबभर पाक पाण्यात सोडला, बोटांत गोळी दाबून पाहिली आणि मान हलवली. लगेच काहील उतरवायची धांदल उडाली. काकवीचा पेला हातात देत मालक म्हणाले, “पाबळहून आला? तिकडं पाणी न्हाई हो.” पाबळच्या पलीकडे सगळ्यांना एवढीच बातमी असते.

पुढे चौफुला. संगीतबारीची कला केंद्रं इथे रस्त्याला लागूनच आहेत आणि इथून जवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. धर्म बदलल्यामुळे आपल्याच समाजाने दूर लोटलेल्या त्या विदुषीने टाकलेल्या बायकांसाठी इथे घर उभं केलं आणि 1922 मध्ये इथेच देह ठेवला. मस्तानीच्या वाटेवरून चाललेल्याला या दोन्ही पाट्या एकापाठोपाठ एक वाचाव्या लागतात.

चौफुल्याला सोलापूर रस्ता मिळतो. वरवंड मागे टाकून पाटसला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. पाटस म्हटलं की आज टोलनाका, भीमा साखर कारखाना आणि तुकोबांच्या पालखीचा रोटी घाट. 1739 च्या हिवाळ्यात मात्र इथे मराठी राज्याचा पेशवा रुसून येऊन राहिला होता. बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा आणि मुलगा नानासाहेब यांनी मस्तानीला पुण्यात नजरेखाली ठेवलं होतं. पहारा चुकवून ती पाटसला बाजीरावांकडे आली. मग पुण्याहून घरची विश्वासू माणसं आली, समजूत घातली, आणि तिला माघारी जावं लागलं. 1740 च्या जानेवारीत बाजीराव निजामाच्या मुलावर, नासिरजंगावर, चालून गेलेले असताना नानासाहेबांनी तिला पुन्हा पहाऱ्यात टाकलं. लगेचच्या फेब्रुवारीत पुण्यात रघुनाथरावांची मुंज झाली. समशेर बहाद्दरही तेव्हा तेवढ्याच वयाचे, मुंजीच्याच वयाचे.

पाटसच्या पेठेतून चालताना त्या मुक्कामाची खूण सापडत नाही. चहाच्या टपरीवर विचारलं तर एका मास्तरांनी बरोबर सांगितलं, “हो, बाजीराव इथं राहिले होते. वाडा-बिडा काही उरला नाही बघा.” नागेश्वराच्या जुन्या देवळाकडे जायची वाटही त्यांनीच दाखवली.

बांद्याच्या शाखेचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. अली बहाद्दरांचे पुत्र दुसरे समशेर बहाद्दर 1803 मध्ये इंग्रजांशी लढले आणि दुसऱ्या वर्षी सालीना चार लाखांच्या नेमणुकीवर बांद्याला नवाब म्हणून राहिले. बांद्यापासून जवळच कर्वीला दुसरं मराठी घराणं नांदत होतं. ते अमृतरावांचं, म्हणजे रघुनाथरावांच्या दत्तक मुलाचं. 1734 साली एकाच वर्षी जन्मलेल्या दोन भावांचे वंश बुंदेलखंडात असे शेजारी येऊन बसले होते, एक नवाब आणि एक पेशवे म्हणून. 1857 च्या उठावात दोघेही सापडले. 1858 च्या एप्रिलमध्ये जनरल व्हिटलॉकने बांदा घेतलं, जूनमध्ये कर्वी. बांद्याचे दुसरे अली बहाद्दर वर्षाला छत्तीस हजारांच्या तनख्यावर इंदूरला नजरकैदेत गेले. दोन्हीकडे हाती लागलेल्या लुटीच्या वाटणीवरून गोऱ्या पलटणींत जो वाद पेटला, तो 1866 मध्ये लंडनच्या कोर्टात निकाली निघाला. त्या खटल्याचं नावच ‘बांदा आणि कर्वीची लूट’. पुण्याच्या ब्रह्मवृंदाने जे दोन वंश एका पंगतीला बसू दिले नाहीत, ते इंग्रजांच्या दप्तरात एका मथळ्याखाली आले.

ज्यांना हा फेरा करायचा आहे त्यांनी पहाटे पुणे सोडावं. शिक्रापूर, पाबळ, केंदूर दुपारपर्यंत होतात. पाबळला कबर बघायला अर्धा तास पुरतो, विज्ञान आश्रमासाठी मात्र आधी विचारून जावं. जेवण न्हावऱ्याच्या आसपास उरकून घ्यावं. पारगाव-चौफुला-पाटस करून सोलापूर रस्त्याने रात्री घरी परतता येतं. उन्हाळ्यात जाऊ नये. गुऱ्हाळं हिवाळ्यात भरात असतात. आणि शनिवारवाडा आधी बघितला असेल तर आल्यावर पुन्हा एकदा जावं, मस्तानी दरवाजापाशी थांबावं. पाबळ बघितल्यावर त्या दरवाजाकडे बघायची नजर बदलते.